जिनात वेगळी होते, भावात होत नाही



रुई आणि सरकी वेगळी करणे हे जिनाचे काम. एक क्विंटल कापूस घातला की साधारण 34 किलो रुई निघते, थोडी घट जाते, बाकी सरकी. दिल्लीची समजूत अशी, की जिनात वेगळी होते ती भावातही वेगळी करता येते.

30 मे 2025 ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. हा झाला स्वयंपाकघराचा निर्णय. 19 ऑगस्टला कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. हा झाला गिरण्यांचा निर्णय. खाती दोन, फायली दोन.

परतवाड्याच्या काट्यावर मात्र कापसाची गाडी एकच येते. व्यापारी भाव कसा काढतो? रुईचे पैसे अधिक सरकीचे पैसे, त्यातून जिनिंगचा खर्च आणि स्वतःचा नफा वजा. बाहेरचे तेल स्वस्त झाले की सरकीला उठाव नाही. बाहेरची रुई स्वस्त झाली की आमच्या गाठीला गिऱ्हाईक नाही. दोन्ही घाव एकाच बोंडावर. त्याच 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव याच सरकारने जाहीर केला होता. एका हाताने टेकू द्यायचा, दुसऱ्याने पाया खणायचा!

कोणी विचारील, गरिबाने महाग तेल खावे काय? गिरण्या बंद पडाव्यात काय? अचलपूरची फिनले मिल 2020 मध्ये बंद पडली, तेव्हा चुली आमच्याच गावांतल्या विझल्या. ते दुःख आम्हाला कोणी शिकवू नये. बाजार खुला ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवा. 5 मार्च 2012 ला आमच्या कापसावर निर्यातबंदी घातली, तेव्हा खुला बाजार कुठे गेला होता? आमचा माल जाताना दार बंद, परका माल येताना दार सताड!

आमची मागणी सरळ आहे. तेलाच्या किंवा रुईच्या शुल्काला हात लावण्याआधी दोन्हींचा मिळून कापूस उत्पादकावर काय परिणाम होतो, तो हिशेब मांडा आणि जाहीर करा.

बैठकीला येताना कापसाची पट्टी आणा. म्हशीसाठी घेतलेल्या ढेपेची पावतीही आणा. सरकी काय भावाने गेली आणि ढेप होऊन काय भावाने घरी आली, ते सगळे मिळून पाहू.