शिझुकाची बाजू

नोबिताला परीक्षेत शून्य मिळालं की आई त्याला समोर बसवते आणि तिचं बोलणं लवकर संपत नाही. शून्याची उत्तरपत्रिका लपवावी कुठे, या धास्तीवर ‘डोरेमॉन’चे कितीतरी भाग उभे आहेत. पण हाच नोबिता जादूच्या दारातून थेट त्याची मैत्रीण शिझुका हिच्या न्हाणीघरात जाऊन पडतो तेव्हा काय होतं? ती किंचाळते, पाणी फेकते, दार बंद होतं आणि गोष्ट पुढे जाते. आईपर्यंत ही बातमी पोचत नाही. शाळेत कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून तिच्या दारात उभा राहिला, असंही घडत नाही. फुजिको एफ. फुजिओ यांच्या या चित्रकथा १९७० च्या सुमारास सुरू झाल्या आणि त्यांत हा प्रसंग विनोद म्हणून पुन्हा पुन्हा आला. त्याच कथेच्या भविष्यकाळात शिझुकाचं लग्न याच मुलाशी लागतं.

एखाद्या बाईला चोरून पाहणं हा आपल्याकडे २०१३ च्या कायदादुरुस्तीपासून स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. नोबिताला गुन्हेगार ठरवा, असं मी म्हणत नाही. तो पोर आहे, चुकेल. चुकणाऱ्या माणसांशिवाय गोष्ट होत नाही आणि निर्दोष नायकाकडून मुलं फारसं काही शिकत नाहीत. माझी तक्रार चुकीनंतर काय होतं याबद्दल आहे. शून्य मार्कांचा जाब त्याच दिवशी विचारला जातो. मुलीच्या अंगाला, तिच्या खाजगीपणाला धक्का लावल्याचा जाब पन्नास वर्षांत विचारला जात नाही. ही जपानी घराची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या घरांत संध्याकाळी हीच मालिका हिंदी आवाजात चालू असते, आणि प्रगतिपुस्तकातल्या लाल शेऱ्यावरून पेटणारे आपणच, मुलाने वर्गातल्या मुलीची ओढणी ओढली तर ‘या वयात चालायचंच’ म्हणून मोकळे होतो.

आपण संतापतो तेव्हा कशावर संतापतो, हेही तपासलं पाहिजे. २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींनंतर ‘शिनचॅन’वर आपल्या देशात बंदी आली, पुढे काटछाट होऊन ती मालिका परतली. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये हे पात्र मोठ्यांच्या साप्ताहिकासाठी काढलं होतं, त्यामुळे ते लहानांसमोर ठेवावं का, हा प्रश्न रास्तच होता. पण तक्रारींचा रोख बहुतेक एकच: पोरगा आईबापांना उलट बोलतो, चारचौघांत लाज आणतो. म्हणजे मोठ्यांचा मान दुखावला आणि देश हलला. त्याच काळात, त्याच घरांत, ‘डोरेमॉन’मधला दांडगट जियान रोज नोबिताला बुकलत होता, त्याची पुस्तकं आणि खेळणी हिसकावून नेत होता, सगळ्यांना मैदानात बसवून आपलं भेसूर गाणं ऐकायला लावत होता. यावर बंदी मागावी इतका राग कुणाला आल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मुलाने मोठ्याचा अपमान केला तर ते बिघडलं. मुलाने मुलाला मारलं तर तो खेळ. आपलं माप असं आहे.

जियानला आवरणारं एकच माणूस त्या गल्लीत आहे, त्याची आई. ती आली की तो पळतो, कारण तिचा हात त्याच्याहून जड आहे. ती त्याला कान धरून, बडवत घरी नेते आणि नोबिता सुटतो. त्या दिवसापुरता. हिसकावलेलं पुस्तक परत करून मित्राची क्षमा माग, असं त्याला क्वचितच सांगितलं जातं. यातून मूल शिकतं ते हेच की बळी तो कान पिळी, आणि वाचायचं असेल तर आपल्याहून बलवान कुणाला तरी हाक मारावी. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. तरी शिक्षा म्हणजे मार ही समजूत आपल्या घरांतून हललेली नाही, आणि मारून झालं की हिशेब मिटला असं आपण धरून चालतो. ज्याचं नुकसान झालं तो तिथेच रडत उभा असतो.

जियानची दुसरी बाजूही आहे. डोरेमॉनच्या लांबलचक चित्रपटांत तो मित्रांसाठी जिवावर उदार होतो आणि प्रेक्षक त्याचं सगळं विसरतात. हे मला फार ओळखीचं वाटतं. गल्लीतल्या दांडगटाबद्दल आपण हेच बोलतो: दमदाटी करतो खरा, पण अडीनडीला धावून येतो. रात्री रुग्णालयात गाडी त्याने दिली, मंडळाला वर्गणी त्याने दिली, म्हणून त्याने कुणाच्या दुकानाचं शटर खाली ओढलं ते विचारायचं नाही. ज्याला गाडी मिळाली तो एक माणूस आणि ज्याचं दुकान बंद झालं तो दुसरा. पहिल्यावरच्या उपकाराने दुसऱ्याचं देणं फिटत नाही.

‘छोटा भीम’ २००८ पासून आपल्याकडे चालू आहे. तिथे भीमाला त्रास देणाऱ्या कालियाची खोड हमखास जिरते: तो चिखलात पडतो आणि ढोलकपूर हसतं. टुनटुन मौशीचे लाडू भीमाने पळवले तरी हसतं. दोन्हीकडे हसूच, पण एका हसण्यात हेटाळणी आणि दुसऱ्यात कौतुक. कालिया जाडा, त्याच्या नावातच काळा रंग, आणि त्याने सुधारावं अशी गावातल्या कुणाला खरी आच नाही, कारण तो सुधारला तर उद्या हसायचं कुणाला? २०२० मध्ये भीमाने राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं अशी समजूत पसरली आणि त्याच्या मैत्रिणीला, चुटकीला, न्याय द्या म्हणून समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले. अखेर ही पात्रं अजून लहान मुलंच आहेत, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. चुटकीवरचा अन्याय आपल्याला दिसला तो केवळ तिचं लग्न मोडलं असं वाटल्यावर. हा न्यायबुद्धीचा उमाळा म्हणायचा की मुलीचं सार्थक लग्नात पाहण्याची जुनी खोड?

याहून बरं करता येतं, हे ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ने २००५ ते २००८ या काळात दाखवलं. राजपुत्र झुको गावं जाळतो, आपल्यावर जीव टाकणाऱ्या आयरो काकाला दगा देतो, आणि मग पश्चात्तापाने ज्यांचा छळ केला त्यांच्याच दारात येऊन उभा राहतो. ते त्याला आत घेत नाहीत. घेतल्यावरही त्यांच्यातली कटारा बजावते की पुन्हा घसरलास तर गाठ माझ्याशी आहे. तिचा विश्वास त्याला कामाने मिळवावा लागतो. तिच्या आईला मारणाऱ्या माणसाच्या शोधात तो तिच्याबरोबर जातो आणि निर्णय तिच्यावर सोडतो. मुलांच्या मालिकेत इतका कडक, इतका माणुसकीचा हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तरीही एक मुलगी उरतेच. साँग तिचं नाव. झुको आणि आयरो फरारी असताना ती आयरोवर उपचार करते, दोघांना घरी जेवायला नेते. झुकोच्याच अग्निराष्ट्राने भाजलेला आपला पाय ती झुकोला दाखवते. आणि निघताना झुको त्या घरचं स्वारीचं जनावर चोरून नेतो. ती दारातून ते पाहत राहते. पुढे झुको राजा होतो. ते जनावर मालिकेत कधीच परत येत नाही. आणि आयरो, ज्याला जगभरचे प्रेक्षक काका म्हणतात, त्याने बा सिंग से शहराला सहाशे दिवस वेढा घातला होता. त्या वेढ्यात मेलेल्या मुलासाठी तो रडतो तेव्हा आपलेही डोळे भरतात. शेवटी त्याच शहराच्या मुक्तीसाठी तो लढतो, हे खरं. पण तटाच्या आत कुणाची मुलं मेली, हे तिथे चहाचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला एकही नागरिक विचारत नाही. तो प्रेमळ आहे, शहाणा आहे, आणि ज्याच्यावर आपला जीव जडला त्याच्याकडे मागची बाकी मागायला आपली जीभ रेटत नाही.

मोठ्यांसाठीच्या ‘बोजॅक हॉर्समन’ने (२०१४ ते २०२०) ही गाठ सोडवायचा निकराचा प्रयत्न केला. लहानपणी ज्याच्याबरोबर मालिकेत काम केलं, त्याच बोजॅकच्या सोबतीने सारा लिन नशेत बुडते, आणि ती निपचित पडल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी रुग्णवाहिका बोलवायला सतरा मिनिटं लावतो. तुरुंगात मात्र तो जातो परक्या घरात शिरल्याबद्दल. लेखकांनी हे जाणूनबुजून केलं असावं, कारण जग असंच चालतं: घराच्या कुलपाला कायदा आहे, त्या सतरा मिनिटांना नाही.

मालिका बनवणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. ते आपल्या टाळीवर जगतात आणि आपण टाळी देतो ती चुकणारा रडला की. सभेतला पुढारी डोळे पुसतो, नट हात जोडतो, घरातला कर्ता पुरुष म्हातारपणी मवाळ होतो, आणि आपण म्हणतो, झालं गेलं विसरा. विसरायला आपण सांगतो कुणाला? ज्याने सोसलं त्यालाच. सुनेला सांगतो, धाकट्या भावाला सांगतो, तक्रार घेऊन आलेल्या मुलीला सांगतो की तुझंच नाव खराब होईल. क्षमा करण्याचा अधिकार तिचा होता. तो आपण तिला न विचारता वापरला. याला मी उदारपणा म्हणत नाही. ही परस्पर लूट आहे.

पालकहो, दूरदर्शन संच बंद करू नका. आज मुलांबरोबर बसा, आणि न्हाणीघरातला तो प्रसंग आला, कालिया चिखलात पडला, जियानने पुस्तक हिसकावलं, तर मालिका थांबवून मुलाला विचारा की शिझुकाला काय वाटलं असेल, आणि नोबिताने आता तिच्याकडे जाऊन काय करायला हवं. मुलगा असेल तर आवर्जून विचारा. आणि त्याने उलट तुम्हाला विचारलं, की आई, बाबा, तुम्ही कधी असं जाऊन सांगितलंत का, तर त्याला खरं उत्तर द्या.