रजेवर आलेला बाप

लडाखमधल्या जवानाला 'दर दुसऱ्या शनिवारी दोन तास मुलाची भेट' असा न्यायालयाचा आदेश मिळाला, तर त्याने तो पाळायचा कसा? धामणगाव रेल्वेच्या फलाटावर ट्रंक घेऊन तो उतरतो, ते वर्षातून एक-दोनदा. तेवढ्यात मुलाची परीक्षा निघते, नाहीतर त्याला मामाकडे पाठवलेलं असतं. रजा संपते, अर्जाला पुढची तारीख पडते.

अपत्याच्या ताब्याबाबतच्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं, की आईवडील एकमेकांपासून दूर राहत असतील तर सुट्ट्यांमध्ये भेट द्यावी, आणि खास अडचण नसेल तर रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं. म्हणून आमचं जवानांना कळकळीचं सांगणं आहे: आदेशात 'रजेच्या काळात सलग इतके दिवस', कॉलची वेळ, मुलाला आणून कोण सोडणार, सगळं लिहूनच घ्या. संदिग्ध आदेशाची अंमलबजावणी मागताना वकिलाचेही हात बांधलेले असतात. भेट नाकारली की तारीखवार नोंद ठेवा, रजेचा कागद जोडा आणि आदेश देणाऱ्या न्यायालयातच अर्ज करा. मुलाला जबरदस्तीने उचलून नेणं मात्र कदापि नको. त्याने लेकरू घाबरतं आणि खटलाही बिघडतो.

आणि माहेरी राहणाऱ्या आईला एवढीच विनंती, की नवऱ्यावरचा राग रास्त असला तरी लेकराचा फोन बंद करू नका.