दर्शन, स्पर्शन आणि न विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी परंड्यात बाजाराच्या दिवशी एक तरुण स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. तक्रार साधी होती : घसा बसला आहे, आवंढा गिळताना दुखते. बरोबर सासू होती. ऐन वैशाखात गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला होता. गर्दी फार होती. आम्ही स्वरभेद असे निदान केले, सितोपलादि चूर्ण मधातून दिले, ज्येष्ठमध चघळावयास सांगितला, कोमट पाण्याच्या गुळण्या सुचविल्या आणि पुढील रुग्णास आत बोलाविले. दोन महिन्यांत ती तीन वेळा त्याच तक्रारीसाठी आली. तिन्ही वेळा आम्ही औषध बदलले, पण एकदाही प्रश्न बदलला नाही.

पुढे ती मुलासह माहेरी निघून गेल्याचे कळले. पंधरा-वीस दिवसांनी "तुझी भांडीकुंडी आणि कपडे घेऊन जा, मग तुझे तू आणि आमचे आम्ही" असा निरोप तिला गेला. ती एकटीच आली आणि त्या घरातून तिला उचलून मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली. तिच्या वाचण्यात आमचे श्रेय काहीच नाही. तिची ओळख पटू नये म्हणून आम्ही तपशील थोडे बदलले आहेत. आमची चूक मात्र आहे तशीच सांगितली आहे.

ही चूक अज्ञानाची होती असेही म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेत व माधवनिदानात स्वरभेदाची कारणे सांगताना अतिउच्च भाषण, विष आणि अध्ययन यांच्या जोडीला अभिघातही स्पष्टपणे सांगितला आहे. महाविद्यालयात आम्ही ते पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते. रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही तीन अंगे आपण सर्वांनीच शिकलेली आहेत. आम्ही घसा पाहिला, नाडी पाहिली, परंतु "गळा कोणी आवळला का?" हा प्रश्न विचारला नाही. तो विचारणे सभ्यपणाचे नाही असे आम्हांस वाटले. आमचा हा सभ्यपणा तिला फार महागात पडला.

गळा आवळण्याच्या प्रकाराकडे व्यावसायिक बांधवांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. अशा वेळी त्वचेवर खूण अनेकदा दिसतच नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना वेदना, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणे, नकळत मूत्रविसर्ग होणे ही लक्षणे असतात. मानेतील रक्तवाहिनीस आतून इजा झाली असल्यास काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. म्हणून असा रुग्ण चूर्ण देऊन घरी पाठविण्याचा नव्हे. त्याला त्वरित सरकारी रुग्णालयात पाठविले पाहिजे. दुसरी बाब याहून गंभीर आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी एकदा आवळला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून अधिक आढळली. स्वरभेदाचा असा रुग्ण म्हणजे पुढील संकटाची आगाऊ सूचनाच होय.

आपल्या समाजात अशा स्त्रीविषयी दोन प्रकारचे सल्ले प्रचलित आहेत. पहिला "नमते घे, पोराबाळांकडे बघ" हा. दुसरा, अलीकडे शिकलेल्या मंडळींचा, "सोडून का देत नाही अशा नवऱ्याला?" हा. पहिल्यातील दोष आता बहुतेकांना कळू लागला आहे. दुसऱ्यातील दोष मात्र अजून कोणाच्या ध्यानी येत नाही. घर सोडले की धोका संपला असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती उलट आहे. जॅकलिन कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ११ शहरांत केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पती अतिशय ताबा गाजविणारा असेल आणि पत्नी त्याच्यापासून वेगळी झाली असेल, तर तिच्या खुनाचा धोका नऊ पटींनी वाढतो. देश निराळा असला तरी कारण ओळखीचे आहे. मारहाणीचा हेतू पुष्कळदा ताबा ठेवणे हाच असतो, आणि तो ताबा सुटतो आहे असे दिसताच हात अधिक जड होतो. म्हणून घर सोडण्याची पूर्वतयारी, सोडण्याचा दिवस आणि त्यानंतरचे काही महिने हा काळ सर्वांत जोखमीचा असतो. "शेवटचे एकदा भेट", "वस्तू घेऊन जा", "चार माणसांत बसून मिटवू" हे निरोप याच काळात येतात.

आमच्या परिसरात या जोखमीला आणखी एक पदर आहे. परंडा, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. बायको निघून गेली की कोयता मोडतो. उचल फिटत नाही. मुकादमाचा तगादा नवऱ्याकडे आणि नवऱ्याचा राग तिच्याकडे व तिच्या माहेराकडे वळतो. फडावरच्या खोपीत राहणाऱ्या बाईने जायचे म्हटले तरी परक्या जिल्ह्यात जायचे कोठे? तेव्हा "का सोडत नाही" असे विचारण्यापूर्वी सोडण्याची किंमत काय आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

नांदावयास न जाण्याची किंमत मराठी समाजाने पूर्वी एकदा उघड न्यायालयात पाहिली आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला; परंतु अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्यात नांदावयास जा, नपेक्षा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिलेले त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित वैद्यक व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी सिद्ध केली होती. १८८५ साली त्यांचे निधन झाले. आपल्याच विद्येच्या एका अभ्यासकाने घरातील मुलीला सक्तीने नांदावयास धाडण्यास नकार दिला होता, हा वारसा आपण मिरवत नाही. तो मिरवावा असे आम्हांस वाटते.

"नांदायला ये" अशी नोटीस आजही येते, कारण हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ९ मध्ये ही तरतूद कायम आहे. नोटीस हाती पडली की बाई घाबरते आणि पोलीस ओढून नेतील या भीतीने परत जाते. तिला एवढे सांगणे आपल्या हाती आहे : अशा हुकूमनाम्यानेही कोणत्याही स्त्रीस शरीराने ओढून नेता येत नाही, आणि रखमाबाईंच्या काळातील तुरुंगवासाची भीती आता उरलेली नाही. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर मात्र द्यावे लागते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ अन्वये स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

२६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा प्रत्येक वैद्याने एकदा तरी वाचावा. आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी येथे सांगतो. कलम ४ प्रमाणे कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतेही दायित्व येत नाही. कलम १७ प्रमाणे घर कोणाच्याही नावावर असो, सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कलम १९ प्रमाणे न्यायालय तिचे स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकते व पोलिसांना साहाय्य करण्यास सांगू शकते. म्हणजे भांडी-कपड्यांसाठी तिने एकटीने त्या उंबऱ्यावर जाण्याची गरज नाही. कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेश मोडणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. याखेरीज महिला मदतवाहिनी १८१, तातडीच्या प्रसंगी ११२ आणि 'सखी' वन स्टॉप सेंटर उपलब्ध आहेत.

"या कायद्यांचा गैरवापर होतो" असा आक्षेप आमच्या बैठकांतही ऐकू येतो. काही ठिकाणी तसे होत असेल. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेस लगाम घातला. परंतु वैद्य हा न्यायाधीश नव्हे. कोण खरे, कोण खोटे हे आपण ठरवावयाचे नाही; जखम काय आहे आणि रुग्णाने काय सांगितले एवढे प्रामाणिकपणे लिहावयाचे आहे. "गावात राहायचे आहे, वैर कशाला?" हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच पुढील सूचनांत आरडाओरड नाही. शांतपणे करावयाचे काम तेवढे आहे.

स्त्रीरुग्णास काही क्षण तरी एकटीने तपासावे. सासूला किंवा पतीला बाहेर बसविण्यास "तपासणी करावयाची आहे" एवढे कारण पुरे. केसपेपरवर तारीख, जखमेची जागा, आकार, रंग आणि तिचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. तिने मारहाण सांगितली असता "पडल्यामुळे" असे लिहू नये. पतीपत्नीस समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा मोह टाळावा, कारण आपल्यासमोर तिने जे सांगितले त्याची वसुली घरी गेल्यावर होते. तिला लगेच निघून जाण्याचा आग्रहही करू नये. जावयाचे झाल्यास कागद (आधार, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले) आधीच विश्वासाच्या ठिकाणी ठेवावेत, बेत बोलून दाखवू नये, आणि निघाल्यावर एकटीने भेटीस जाऊ नये, एवढे सांगावे. निर्णय तिचा असावा. धोका कोठे आहे हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते.

औषधी दुकानदार बंधूंची जबाबदारी याहून कमी नाही. वेदनाशामक गोळ्या, मुका मार लागल्यावर लावावयाचे लेप, झोपेचे औषध पुन्हा पुन्हा कोण नेते हे आपल्यालाच प्रथम दिसते. ती कधी आली होती, काय नेले, कोणत्या गाडीत बसली, असे विचारीत तिच्या घरचे दुकानात आले तर "लक्षात नाही" एवढेच उत्तर द्यावे. १८१ हा क्रमांक तोंडी सांगावा. पुडीवर लिहू नये, कारण पुडी घरी जाते. तसेच "नवऱ्याला न कळता जेवणात मिसळायचे दारू सोडविण्याचे औषध" मागणाऱ्या भगिनीस ते देऊ नये. डायसल्फिरामसारखे द्रव्य पोटात असताना दारू घेतली तर जीव धोक्यात येतो, आणि त्याला संशय आला तर तिचा जीव धोक्यात येतो. मुलगा होण्याच्या औषधाची मागणी करणाऱ्या स्त्रीच्या पाठीवरही एकदा नजर टाकावी. बहुधा तिला औषधापेक्षा आधाराची गरज असते.

हे सर्व परक्याचे काम आहे असे समजू नये. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था व महानगरपालिका यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते याच विचाराने की मार खाल्लेली स्त्री पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी दवाखान्यात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी कितीतरी जणी डोकेदुखी, अनिद्रा, कंबरदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन आपल्याच बाकावर बसून जातात. खेड्यात तर बहुतेकदा पहिला दवाखाना आपलाच असतो.

आमची संघटनेस सूचना आहे की, पुढील सभेत द्रव्यगुण व नवीन पाठ यांबरोबर एक तास या विषयासाठी राखून ठेवावा आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यास त्या सभेस निमंत्रित करावे. त्यांचा चेहरा व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक सभासदास माहीत असला तरी निम्मे काम झाले. त्यास खर्च नाही आणि परवान्याचीही गरज नाही.

त्या स्त्रीचा आवाज पुढे पूर्ववत झाला की नाही, हे आम्हांस कळले नाही. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि तिने का यावे? परंतु बाजाराच्या दिवशी गळ्याभोवती पदर लपेटलेली कोणी बाकावर बसलेली दिसली की, आता आम्ही चूर्णाच्या बरणीकडे हात नेण्यापूर्वी दार लोटून घेतो आणि विचारतो. वाचक बंधुभगिनींनीही विचारावे, एवढीच प्रार्थना.