मायेआधी नोंदवही

अमेरिकी लेखक टी. जे. क्लून यांची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ ही कादंबरी मार्च २०२० मध्ये आली आणि इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. जादुई मुलांचा कारभार पाहणारे एक सरकारी खाते, त्या खात्यात सतरा वर्षे इमानेइतबारे झिजलेला लायनस बेकर नावाचा एकटा कारकून आणि महिनाभराच्या तपासणीसाठी त्याला धाडले जाते ते बेटावरचे अनाथालय, अशी ही गोष्ट. अनाथालयात सहा मुले आहेत. एकीला बागकामाचे वेड, एकाला मोठेपणी हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या आहेत, एक घाबरला की कुत्र्याचे पिल्लू होतो आणि एक तर खुद्द सैतानाचा सहा वर्षांचा लेक. रक्ताचे नाते नसलेली ही माणसे हळूहळू एक घर होतात. अशा पुस्तकांना ‘गोड आहे’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे म्हणणे असे की सोलापुरात तरी ही कादंबरी गांभीर्याने वाचली जावी. आणि वाचताना आपले लक्ष त्यातल्या मायेपेक्षा त्यातल्या कागदांवर अधिक असावे.

कारण या कादंबरीत खलपुरुष म्हणावा असा एक माणूस शोधून सापडत नाही. मुलांना धोका आहे तो वर्गवारीपासून. प्रत्येक मुलाची फाइल आहे, फाइलीत त्याचा ‘प्रकार’ आहे आणि तो प्रकार वाचूनच लायनसची बेटावर पाऊल टाकण्याआधी गाळण उडते. पिल्लू होणाऱ्या सॅलला अनेक अनाथालयांतून हलवलेले आहे. तो कविता लिहितो, पण त्याचे टेबल कपाटाच्या कोनाड्यात आहे, कारण कमीत कमी जागेत मावायची त्याला सवय झाली आहे. लायनस ते टेबल खिडकीपाशी आणायला मदत करतो. हे टेबल सरकवणे मला कादंबरीतल्या सगळ्या मिठ्यांहून मोलाचे वाटते. तपासनीस म्हणून आलेला माणूस इथे पहिल्यांदा नियमपुस्तक मिटून समोरच्या पोराकडे पाहतो, आणि पुढे अनाथालय चालू ठेवावे असा अहवालही तोच लिहितो.

सोलापूरकरांना असे खाते काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तिथे डांबली गेली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही आणि राबायचे गिरणीत. शहरातल्या ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावात तो इतिहास अजून नांदतो आहे. १९२४ च्या कायद्याचे एक कलम तर कादंबरीतून उचलल्यासारखे वाटावे: सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. त्या मुलांच्या अंगी कसलीही जादू नव्हती. नोंदवहीत जमातीचे नाव होते, तेवढे पुरले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. आपल्याकडे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आहे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आहे. दोन्हींना साहित्य अकादमीने गौरवले. जे भोगले ते भोगणाऱ्याने लिहून ठेवलेले असताना परदेशी परीकथा कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि आत्मकथन आणि ही कादंबरी यांपैकी एकच वाचायचे असेल तर मी ‘उचल्या’च हाती देईन. पण दोन्ही पुस्तकांचे काम वेगळे आहे. आत्मकथन कुंपणाच्या आतून बोलते. ही कादंबरी बाहेर हजेरीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या, दुष्ट नसलेल्या, नियमाने वागणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरते. आपल्यापैकी बहुतेकांची जागा तीच असते: शाळेत दाखल करून घेणारे, भाड्याने खोली देणारे, चौकशीचा शेरा मारणारे. त्या जागेवरून दिसणारे जग मराठी वास्तववादी साहित्यात त्या मानाने कमी आले आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मला मान्य आहे. कॅनडात १९६० च्या दशकात आदिवासी मुलांना घरांतून उचलून गोऱ्या कुटुंबांत देण्यात आले. त्या घटनांबद्दल वाचताना या कादंबरीची कल्पना सुचल्याचे क्लून यांनी सांगितले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. ज्या समाजाची पोरे हिरावली गेली त्याच्या दुःखातून इतकी उबदार गोष्ट विणायची आणि आईबापांना मात्र पानाबाहेर ठेवायचे, हे खटकतेच. नवे घर मिळाल्याचा आनंद सांगताना जुने घर कुणी मोडले हा प्रश्न सुटून जातो. आपल्याकडेच पाहा: पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम काढला. त्याच पंढरपुरात मंगलताई शहा यांनी एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी ‘पालवी’ उभारली. तिथे समाजाने टाकलेल्या लेकरांना कुणीतरी पोटाशी धरले. सेटलमेंटच्या मुलांची गोष्ट तशी नव्हती. त्यांना कुणी टाकलेले नव्हते, त्यांच्या आया कुंपणापलीकडे जिवंत होत्या. या दोन्हींना ‘आधार’ या एकाच शब्दात बसवणे अन्याय आहे, आणि क्लून यांची कादंबरी नेमका हा फरक करत नाही.

तिचा आणखी एक भाबडेपणा म्हणजे एका भल्या अधिकाऱ्याच्या अहवालावर टाकलेला भरवसा. सोलापूरचे कुंपण कुणा तपासनिसाच्या मनपालटाने उठले नाही. त्यासाठी कायदा रद्द व्हावा लागला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि हा दिवस भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण तार गेली तरी नोंद राहिली. सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि जुना संशय नव्या नावाने त्याच वस्त्यांवर फिरत राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी गेल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश निघाला. १८७१ पासून मोजले तर एक रकाना पुसायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

म्हणून ही कादंबरी एकटी वाचू नये. सोलापूरच्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी ती ‘उचल्या’च्या जोडीने वाचायला ठेवावी, आणि चर्चेला सेटलमेंटच्या वस्त्यांतल्या मुलामुलींना श्रोते म्हणून न बसवता बोलायला बोलवावे. सॅलचे टेबल खिडकीपाशी का आणावे लागले, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या आजोबांची हजेरी कोण घेत असे आणि तो माणूस घरी गेल्यावर स्वतःच्या मुलांशी कसा वागत असेल, हे मात्र त्यांनी विचारावे आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यावे.