वल्ह्याचा व्यायाम

आमच्या वाचकांच्या घरीं मुलांच्या व्यायामाविषयीं आतां पूर्वीसारखी अनास्था उरलेली नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एखाद्या मुलानें ‘मला होडी वल्हवावयास शिकावयाचें आहे’ असें म्हटलें, कीं आजीपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांच्या मुखांतून एकच उद्गार निघतो : ‘अरे, पाणी आहे तें!’ विषय तेथेंच संपतो. तो तसा संपूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा खेळ आपणांस परका, अशीही कित्येकांची समजूत असते. वल्ह्यास अमरकोशांत नौकादण्ड व क्षेपणी अशीं नांवें आहेत. तेव्हां वस्तु आपल्याकडे जुनीच. शर्यतीचें आजचें स्वरूप मात्र इंग्लंडांतून आलें. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची पहिली शर्यत १८२९ सालीं झाली, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालीं सुरू झाला.

या व्यायामाचा पहिला गुण हा, कीं त्यांत सर्वांगास काम पडतें. पाहणारास तें केवळ बाहुबळाचें काम वाटतें. वास्तविक जोराचा मोठा वांटा पायांचा असतो. शर्यतीच्या होडींतील बैठक पुढेंमागें सरकणारी असते. वल्हविणारा गुडघे दुमडून पुढें येतो, वल्ह्याचें पातें पाण्यांत बुडवितो, पाय रेटून मागें सरकतो. मग पाठ आणि शेवटीं हात कामास येतात. दम वाढतो, हृदय व फुप्फुसें यांस बळ येतें. शरीराचा भार बैठकीवर असल्यामुळें धावतांना गुडघ्यांस बसणारे हादरे येथें बसत नाहींत. मात्र पाठ वांकवून भलत्या रीतीनें ओढल्यास कंबर धरते, म्हणून शिक्षकावांचून हा व्यायाम शिकूं नये.

दुसरा गुण मनाचा आहे, व आमच्या मतें तोच मोठा. आठ जणांच्या होडींत प्रत्येकाच्या हातीं एकेकच वल्हें असतें, आणि आठांचीही पाठ जावयाच्या दिशेकडे असते. पुढें पाहणारा एकटा सुकाणूवाला. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. कोणी स्वतःचें बळ दाखविण्यासाठीं घाई केली, कीं होडी डगमगते व वेग घटतो. एकत्र कुटुंबांत राहणारांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत तळेगाव रोही हें अवर्षणाचें गांव आहे. तेथील दत्तू भोकनळ यांनीं वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचें काम केलें. विशी उलटल्यावर २०१२ सालीं ते सैन्यांत गेले, आणि वल्हें प्रथम तेथेंच हातीं धरलें. प्रारंभीं त्यांसही पाण्याची भीति वाटे. तेच २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी शर्यतींत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत ते आजारी असतांना एकेरी शर्यतींत उतरले व सहावे आले. दुसऱ्याच दिवशीं सवर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या होडींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. एकट्यास जें साधलें नाहीं, तें चौघांच्या तालांत साधलें.

पाण्याची भीति निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलांत बरींच वर्षें घालविल्यावर आमचा अनुभव असा, कीं ज्या गोष्टीस नुसती मनाई होते ती मुलें चोरून करतात. पोहतां न येणारा मुलगा एखादे दिवशीं मित्रांबरोबर धरणावर जातोच. त्या वेळीं वडील माणसांची मनाई त्यास तारीत नाहीं, तारते ती विद्या. म्हणून आधीं पोहणें पक्कें शिकवावें. मग वल्हें द्यावें, तेंही जाणत्याच्या देखरेखीखालीं व अंगांत जीवरक्षक जाकीट असतांना. पुराच्या पाण्यांत मात्र कोणींही होडी घालूं नये.

मुलींस यांतून वगळूं नये. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या या शर्यती १९७६ पासून होत आहेत. गांवीं नदी वा तलाव नसेल, तर व्यायामशाळेंतील वल्हविण्याच्या यंत्रावर शरीराचा लाभ मिळतो. तालाचा लाभ मात्र होडींतच मिळावयाचा.

तेव्हां यंदा सुट्टीत घरांतील मुलांस पोहण्याच्या वर्गांत घालावें, एवढीच आमची विनंति. पुढचें पाऊल तीं स्वतःच मागतील.