पोर कोणाचे, बिल कोणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपला दुकानदार वहीला हळदकुंकू वाहतो. त्या वहीच्या एका रकान्यापायी एखादे पोर आईपासून तुटू शकते, हे कोणाच्या मनातही येत नाही. मला आज अशाच एका वहीविषयी बोलायचे आहे, आणि ती कॅनडाच्या सरकारची आहे. फराळाच्या ताटाशी विषय कडू वाटेल खरा; पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावणारे आपणच ना?

आमच्या सुशिक्षित मंडळींचा एक लाडका सिद्धांत आहे. कायद्याचे संशोधन म्हणजे कागदांचा गठ्ठा. आदिवासींच्या पोरांना हवी भाकरी, त्यांना अहवाल काय करायचा? हा सिद्धांत ऐकायला दयाळू आहे आणि आतून निखालस खोटा आहे. भाकरी कोणी अडवून धरली हे शोधून काढणारा कोणी नसेल तर ती येणार कोठून?

मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाऊस या क्री वस्तीतल्या कुटुंबात १९९९ साली जॉर्डन रिव्हर अँडरसन जन्मला. अनेक व्याधी घेऊनच आला, म्हणून विनिपेगच्या रुग्णालयात राहिला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याला घरी न्या. येथे घोडे अडले. बालकल्याण हे तिथे प्रांताचे काम. पण फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, राखीव वस्त्यांचा खर्च केंद्राच्या माथी. मग घरच्या शुश्रूषेचे पैसे कोणी द्यायचे? ‘हे आमच्या खात्यात येत नाही’ हे वाक्य मराठी माणसाला नवे नाही, पण तिथे त्या वाक्यावर दोन सरकारे दोन वर्षांहून अधिक काळ झुंजत राहिली. न्हाणीघरातल्या शॉवरच्या तोटीवरसुद्धा वाद झाला! २००५ मध्ये जॉर्डन वारला. वय पाच वर्षे. घराचा उंबरा त्याने ओलांडला नाही.

‘दुर्दैव!’ असे म्हणून आपण पान उलटले असते. संशोधकांनी उलटले नाही. त्यांनी विचारले, असे आणखी किती? मूळ रहिवाशांच्या अवघ्या १२ बालकल्याण संस्थांत त्यांनी चौकशी केली, तेव्हा एका वर्षात असे ३९३ तंटे निघाले. एका मुलाचे दुर्दैव म्हणता येईल. ३९३ ना काय म्हणाल?

याहून भयंकर गोष्ट हिशेबाच्या सूत्रात होती. १९९१ पासून चाललेले केंद्राचे सूत्र असे धरून चाले की, प्रत्येक वस्तीत शंभरांतली सहाच मुले पालनगृहात असणार. गरज किती आहे हे पाहायचेच नाही! मूल घरातून उचलून परक्या घरी ठेवले, तर खर्च पूर्ण भरून मिळे. तेच मूल आईजवळ राहावे म्हणून छप्पर दुरुस्त करायला, बापाची दारू सोडवायला पैसे मागितले, तर तिजोरीला कुलूप. आणि मुले उचलली जात ती बहुतेक मारहाणीपायी नव्हे, तर दारिद्र्य, पडकी घरे आणि व्यसन यांतून होणाऱ्या हेळसांडीपायी. ‘या लोकांना मुले सांभाळता येत नाहीत,’ असे नाक मुरडणाऱ्यांनी हे सूत्र एकदा वाचावे. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवाशांची मुले ७.७ टक्के होती. पालक-कुटुंबांत ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. हा काय आयांच्या मायेतला फरक आहे?

सिंडी ब्लॅकस्टॉक ही गिटक्सान जमातीची समाजकार्यकर्ती. तिची संस्था आणि फर्स्ट नेशन्सची महासभा यांनी २००७ मध्ये हे सारे मानवी हक्क आयोगापुढे मांडले. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेने एकमताने ‘जॉर्डनचे तत्त्व’ मान्य केले: ज्या सरकारच्या दारी मूल प्रथम येईल त्याने आधी खर्च करावा, भांडण मागाहून. टाळ्या झाल्या असतील. पण त्याच सरकारचा वकील मात्र सांगत होता की, आम्ही फक्त पैसे देतो, सेवा देत नाही. आणि केंद्राच्या पैशाची तुलना प्रांताच्या पैशाशी करता येत नाही. म्हणजे कमी देणारा दुसऱ्याशी तोलायचाच नाही, मग कमी कोणी दिलेच नाही! हे तर्कट २०११ मध्ये न्यायाधिकरणाला पटलेही. २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दरम्यान सरकारी खाती काय करीत होती? ब्लॅकस्टॉकबाईंच्या खासगी फेसबुक पानावरची माहिती गोळा करीत होती, असे तिथल्या गोपनीयता आयुक्तांनीच २०१३ मध्ये सांगितले. ज्या कागदांना काडीची किंमत नाही, ते मांडणाऱ्या बाईवर एवढी नजर कशाला ठेवावी लागते?

जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने निकाल दिला: हा वंश आणि जमात पाहून केलेला भेदभाव आहे. २०१९ मध्ये प्रत्येक पीडित मुलाला ४० हजार डॉलर्स ठरले. सरकार त्याविरुद्धही न्यायालयात गेले, हरले, आणि २०२३ मध्ये २३ अब्ज डॉलर्सहून मोठी तडजोड मंजूर झाली. ‘केवढा हा खर्च!’ असे आता म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: छप्पर वेळेवर शाकारले असते तर किती लागले असते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायाधिकरणाला सरकारला पुन्हा बजावावे लागले, की जॉर्डनच्या नावाने आलेले अर्ज तुंबले आहेत, त्यांतले तातडीचे आधी हुडकून काढा.