मसुदा कोणाच्या हाती?

आफ्रिकेच्या प्रादेशिक आर्थिक एकात्मीकरणावर अहवाल लिहायचा आहे, मुख्य सल्लागार हवा आहे, अशा जाहिराती आदिस अबाबा, अक्रा, अबिदजान, अरुशा इथल्या संस्थांकडून निघत असतात. अर्थशास्त्रातली वरची पदवी, दांडगा अनुभव, इंग्रजी-फ्रेंचवर हुकमत आणि काही महिन्यांची मुदत, असा त्यांचा साचा. वरवर पाहता ही साधी कार्यालयीन नेमणूक. पण १९९१च्या अबुजा कराराने आखलेली ३४ वर्षांची वाटचाल १९९४मध्ये सुरू झाली. त्या हिशेबाने आफ्रिकी आर्थिक समुदाय २०२८पर्यंत पूर्णपणे उभा राहायला हवा. मुदत दाराशी आलेली असताना खंडाचा ताळेबंद कोण मांडणार, हा प्रश्न मनुष्यबळ विभागावर सोडण्याइतका लहान नाही.

पूर्व आफ्रिकेचा अनुभव पाहावा. केनिया, युगांडा आणि टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या ब्रिटिश अंमलाखालील तीन प्रदेशांचा बाजार एक होता; रेल्वे, टपाल, जकात सामाईक होती. मात्र कारखाने नैरोबीच्या आसपास उभे राहत आणि माल तिन्ही प्रदेशांत खपे. युगांडा आणि टांगानिकाची कुरकुर वाढली तेव्हा चौकशीसाठी सर जेरेमी रायझमन यांना नेमण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात भारताचे अर्थखाते सांभाळलेले हे अधिकारी. १९६१च्या त्यांच्या अहवालाने सामाईक बाजाराचा लाभ केनियाला अधिक मिळतो हे मान्य केले आणि करांचा काही भाग एका निधीत घालून वाटून घेण्याचा तोडगा दिला. कारखाने कुठे निघावेत, या मूळ प्रश्नाला त्याने हात घातला नाही.

तीनही देश स्वतंत्र झाले आणि तोच वाद अधिक कडवट होऊन पुढे आला. १९६५मध्ये डेन्मार्कचे माजी अर्थमंत्री प्राध्यापक केल्ड फिलिप यांच्याकडे नव्या आयोगाचे अध्यक्षपद गेले. या वेळी एक मोठा फरक होता. आयोगात प्रत्येक देशाचे मंत्री स्वतः बसले होते. अध्यक्ष बाहेरचा, पण मसुद्यातल्या प्रत्येक ओळीवर भांडणारे घरचे. त्यातूनच १९६७चा करार झाला. औद्योगिकदृष्ट्या मागे असलेल्या देशाला शेजाऱ्याच्या कारखान्यातील मालावर मर्यादित कर लावण्याची मुभा मिळाली, विकास बँक युगांडातल्या कंपालाला आली आणि पूर्व आफ्रिकी समुदायाचे मुख्यालय नैरोबीऐवजी टांझानियातल्या अरुशाला गेले.

तो समुदायही दहा वर्षांत मोडला. १९७१मध्ये इदी अमीन यांनी युगांडात सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्यांच्यासोबत एका मेजावर बसायला नकार दिला. १९७७मध्ये सामाईक विमान कंपनी बंद पडली, टांझानियाने केनियालगतची सीमा बंद केली. मग रेल्वेचे डबे, इमारती, कर्जे यांची वाटणी करण्यासाठी स्वित्झर्लंडचे मुत्सद्दी व्हिक्टर उम्ब्रिख्ट यांना मध्यस्थ म्हणून बोलवावे लागले. ती वाटणी १९८४पर्यंत चालली. समुदाय पुन्हा उभा करणारा करार झाला तो १९९९च्या नोव्हेंबरात.

उत्तम अहवालही राजकीय इच्छेची जागा घेऊ शकत नाही, हे खरेच. तरीही रायझमन आणि फिलिप यांच्यातला फरक विसरण्याजोगा नाही. निर्णय घेणारेच मसुद्याच्या बैठकीत होते, म्हणून फिलिप यांच्या कामातून करार निघाला. ‘तोटा कोणाला होतो’ हा अवघड प्रश्न त्यांना टाळता आला नाही.

लेखक आफ्रिकी असला म्हणजे काम भागले, असेही नाही. १९८०च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी लागोस कृती आराखडा मंजूर केला. स्वावलंबन आणि प्रादेशिक बाजारपेठ हा त्याचा कणा होता. त्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाचे नायजेरियन प्रमुख अडेबायो अडेडेजी यांची दृष्टी होती. त्याच सुमारास जागतिक बँकेतील आफ्रिकी गव्हर्नरांनी बँकेकडे खंडाच्या अडचणींचा अभ्यास मागितला. बँकेने तो अमेरिकी अर्थतज्ज्ञ एलियट बर्ग यांच्या नेतृत्वाखाली करवून घेतला. १९८१च्या त्या अहवालाने दोष प्रामुख्याने सरकारांच्या धोरणांना दिला: फुगवलेले चलनदर, शेतकऱ्याला मिळणारा पडेल भाव, सरकारचा अतिरेकी हस्तक्षेप. उपाय सांगितला तो निर्यातीचा आणि खुल्या बाजाराचा. त्यातली काही टीका रास्त होती. पण लागोस आराखड्यामागे तिजोरी नव्हती आणि बर्ग अहवालामागे कर्ज देणारी बँक होती. पुढची दहा वर्षे देशोदेशीच्या अर्थखात्यांत कोणता कागद उघडला गेला, हे वेगळे सांगायला नको. अडेडेजींनी १९८९मध्ये पर्यायी आराखडा मांडला, तोवर अनेक देशांचे अर्थसंकल्प कर्जाच्या अटींमध्ये जखडले गेले होते.

आज चित्र बदलले आहे. २०१८च्या मार्चमध्ये किगालीला आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर पहिल्याच दिवशी ४४ देशांनी सह्या केल्या. आता एरिट्रिया वगळता आफ्रिकी संघाच्या सर्व सदस्यांनी त्यावर सही केली आहे. २०२१च्या जानेवारीपासून या करारांतर्गत व्यापार औपचारिकरीत्या सुरू झाला. तरीही आफ्रिकेच्या एकूण व्यापारात आफ्रिकी देशांचा आपापसातला वाटा १५ टक्क्यांच्याच आसपास घोटाळतो आहे. नायजेरियाने २०१९च्या जुलैत या करारावर सही केली आणि ऑगस्टमध्ये बेनिनसह शेजारी देशांशी असलेल्या जमिनीवरील सीमा मालासाठी बंद केल्या, त्या पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत. तांदळाची तस्करी रोखण्याचे कारण दिले गेले. सही आणि सीमाबंदी यांत महिन्याभराचेच अंतर का पडले, हे नव्या मुख्य सल्लागाराने अबुजातल्या अर्थखात्यात बसून विचारले पाहिजे आणि बेनिनमधल्या कोटोनूच्या बंदरात जाऊनही.

दुसरी अडचण आकड्यांची. २०१०मध्ये घानाने राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष बदलले आणि उत्पन्न एकदम ६० टक्क्यांनी वाढलेले दिसले. २०१४मध्ये नायजेरियाने तेच केले आणि एका दिवसात तो दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. सीमेवर डोक्यावर टोपली, सायकलवर पोते घेऊन ये-जा करणाऱ्या बायकांचा व्यापार तर बहुतेक देशांच्या जकात नोंदवह्यांत उतरतच नाही. अधिकृत तक्त्यांवर विसंबलेल्या सल्लागाराला कमी व्यापार दिसेल आणि तो अधिक बंदोबस्ताची शिफारस करून मोकळा होईल. नाक्यावर चार आठवडे काढणाऱ्याला वेगळे काही दिसेल. बोत्सवाना आणि झांबियामध्ये झांबेझी नदीवर काझुंगुला पूल २०२१मध्ये खुला झाला. त्याआधी ट्रक तराफ्याच्या रांगेत दिवसच्या दिवस उभे असत. तिथे ट्रकचालकाच्या वेळेचा खर्च जकातीपेक्षा जड होता, आणि तो कुठल्याही शुल्कतक्त्यात सापडत नाही.

अहवालाचे नेतृत्व कसे असावे, याचा नमुना आफ्रिकेनेच दिला आहे. खंडातून बेकायदा बाहेर जाणाऱ्या पैशाचा शोध घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१५मध्ये तिने वर्षाला ५० अब्ज डॉलर, कदाचित त्याहूनही अधिक, बाहेर जातात असे सांगितले. माजी राष्ट्राध्यक्षाला मंत्र्यांची दारे उघडी होती, आफ्रिका आर्थिक आयोगाचे संशोधक हाताशी होते, आणि बड्या कंपन्यांच्या व्यवहारांकडे बोट दाखवण्याची तयारी होती. प्रत्येक अहवालाला माजी राष्ट्राध्यक्ष मिळणार नाही. पण दारे उघडण्याचा अधिकार नेमणूकपत्रातच लिहून देता येतो.

खरी मेख पैशाची आहे. आफ्रिकी संघाच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशी देणगीदार उचलतात, हे रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांनी २०१७च्या सुधारणा अहवालात स्पष्ट नोंदवले. त्यावर उपाय म्हणून ठराविक आयातीवर ०.२ टक्के आकार लावण्याचे २०१६मध्ये किगालीच्या परिषदेत ठरले होते. तो वसूल करणारे देश अजून मोजकेच आहेत. मानधन बाहेरून येत असेल, तर कार्यकक्षाही बाहेरूनच ठरण्याची भीती राहणारच. म्हणून एकात्मीकरणाच्या अहवालाचा खर्च सदस्य देशांच्या वर्गणीतूनच व्हावा, आणि मुख्य सल्लागाराची निवड कोणत्या निकषांवर झाली हे जाहीर व्हावे. काम आफ्रिकेत राहून, आफ्रिकी विद्यापीठांतल्या संशोधकांच्या जोडीने व्हावे. कच्चा मसुदा सरकारांकडे जाण्याआधी सीमेवरच्या व्यापारी संघटनांपुढे यावा, तोही स्वाहिली आणि हौसासारख्या त्यांना वाचता येणाऱ्या भाषांत.

सरकारांना नकोशी पाने गाळण्याचा अधिकार नसावा. उत्तर जोडण्याचा जरूर असावा. एकात्मीकरणात कोणत्या देशाचे, कोणत्या उद्योगाचे, कोणत्या जिल्ह्याचे नुकसान होणार आणि ते कोण भरून देणार, यावर स्वतंत्र प्रकरण असावे. अबुजा कराराच्या सहा टप्प्यांपैकी कोणता टप्पा कुठे अडला, कोणत्या राजधानीने तो अडवला आणि केव्हापासून, हे त्यात देशांच्या नावांसह छापले जावे.